एका दाबात दोन कामं

"पण उस्ताद, चूक झाली तरी कुठं?"

हैबतनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर उस्ताद चष्मा पुसत राहिले.

संस्थानच्या शिलेखान्यात काडतुसं भरता भरता उस्तादांचे केस पांढरे झाले होते. हैबतला तिथं येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, पण ऐट अशी, की परक्या माणसानं त्यालाच उस्ताद समजावं.

काल त्यानं भरलेली काडतुसं घेऊन त्याचा थोरला भाऊ, शिकारी मालोजी, जखमी बिबट्याच्या मागावर गेला. पहिला बार झाला. दुसऱ्या बाराला रिव्हॉल्वरची चक्रीच फिरेना! बिबट्याच्या मनात काय आलं देव जाणे, तो झाडीत वळला. मालोजी धडधाकट घरी आला आणि दोन भाकऱ्या जास्त जेवला. हैबतनं त्याला मिठी मारली ती सोडेचना.

"दारू मोजून घातली," हैबत म्हणाला. "गोळ्या तोलून घेतल्या. मग?"

उस्तादांनी उरलेल्यातलं एक काडतूस उचललं. शिशाची गोळी चिमटीत धरून फिरवली.

गोळी फिरली...

घट्ट रुतलेली हवी होती ती, हे हैबतलाही ठाऊक होतं.

"बाराच्या धक्क्यानं शेजारच्या काडतुसातली सैल गोळी पुढं सरकून चक्रीबाहेर आली आणि चक्री अडली," उस्ताद म्हणाले. "एका काडतुसाला भरायचं यंत्र किती वेळा दाबलंस?"

"एकदाच. गोळी नळीत बसवायची नि नळीचा काठ तिच्याभोवती आवळायचा, दोन्ही एका दाबात. तुम्ही दोनदा दाबता. तुमची पन्नास होतात तोवर माझी शंभर..."

त्याचं त्यालाच ऐकवेना.

"गोळी अजून खाली उतरत होती, अन् तू गळा धरलास." उस्तादांनी काठाशी सोललेलं शिसं नखानं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. खोबऱ्याच्या किसाएवढं. "शिसं मऊ असतं, बाबा. सोलून निघालं, मग पकडायला काय राहिलं?"

हैबतनं तो कीस मुठीत घट्ट धरला.

"दादा वाचला, उस्ताद," तो एकदम म्हणाला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला. "वाचला हो!"

"वाचला. अल्लाची मेहेरबानी. चहा घे."

चहा झाला. उस्तादांनी रिकाम्या नळ्यांचा डबा त्याच्यापुढं सरकवला.

"मालोजी उद्या पुन्हा निघतोय. सहा भर."

"मी? छे छे! तुम्हीच भरा. माझा कसला भरवसा धरता? हे बघा..."

त्यानं हात पुढं केला. बोटं लटलट कापत होती.

उस्तादांनी चष्मा लावून ती बोटं नीट पाहिली...

"काल भरताना कापत नव्हती," ते म्हणाले. "भर."