पेपराआड

“...मग ध्यान खोटं, की मी खोटा? एवढंच सांगा, भन्तेजी.”

हेमराज टेंभुर्णे हे विचारत होता तेव्हा त्याचे अनवाणी पाय धुळीनं माखलेले होते.

तालुक्याच्या गावाबाहेर, टेकडीवर, भन्ते खेमानंदांची कुटी होती. हेमराज त्यांचा जुना उपासक. गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि संध्याकाळी विहारात ध्यानवर्ग घ्यायचा. आवाज खालच्या पट्टीतला, स्थिर. लोक म्हणायचे, टेंभुर्णे सरांसमोर बसलं की मन आपोआप शांत होतं. हे त्याच्या कानावर यायचं, आणि त्याला आवडायचं.

भन्तेंनी पाण्याचा लोटा पुढे सरकवला. हेमराजनं तो उचलला, तर पाणी सदऱ्यावर सांडलं.

मग तो थांबत थांबत सांगू लागला.

काही वर्षांपूर्वी त्याचं मन खचलं होतं. तसं कारण काहीच नव्हतं. अंथरुणातून उठवत नव्हतं, वर्गात खडू हातात घेऊन तो नुसता उभा राहायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हळूहळू तो माणसांत आला. पण ही गोष्ट बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. करुणा शेजारच्या गावच्या मेडिकलमधून गोळ्या आणायची आणि तांदळाच्या डब्यात ठेवायची.

यंदा विहारात मोठं शिबिर ठरलं. ते हेमराजनंच चालवायचं होतं. त्याला वाटलं, जो स्वतः गोळीवर उभा आहे, त्यानं दुसऱ्याला मनाबद्दल काय सांगावं? एका सकाळी त्यानं सगळ्या गोळ्या नालीत टाकल्या. ना डॉक्टरांना विचारलं, ना करुणाला.

आधी काहीच झालं नाही. तो खूश झाला.

मग नजर फिरवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ लागलं. चालताना पायाखालची जमीन सरकायची. मळमळ, घाम, नको ती स्वप्नं. भाजीवाल्यासमोर उभ्या उभ्या डोळे भरून यायचे. तो आणखी ध्यानाला बसायचा, आणि जितका बसायचा तितके ते झटके स्पष्ट कळायचे.

शिबिरात म्हातारी लहानाबाई खोकत होती. “श्वासाकडे पाहा,” असं सांगता सांगता हेमराज तिच्यावर खेकसला. जमत नसेल तर घरी जाऊन मरा, म्हणाला. सगळ्यांनी डोळे उघडले. म्हातारी तोंडावर पदर धरून उठली. हेमराज तिच्याही आधी बाहेर पडला आणि अनवाणीच टेकडी चढून आला.



“लाज कशाची वाटते?” भन्तेंनी विचारलं.

“आधी गोळी घ्यायची वाटत होती.”

“आणि आता?”

“सोडता येत नाही, याची.”

भन्ते भिंतीला धरून उठले.

“डॉक्टरांकडे जाऊ.”

मी एकटा जाईन, तुम्ही कशाला, असं हेमराज म्हणेपर्यंत भन्ते काठी घेऊन उंबऱ्याबाहेर गेले होते.

दवाखाना बाजाररस्त्यावर होता. दारावर ‘मानसोपचार तज्ज्ञ’ अशी ठसठशीत पाटी. हेमराज आतल्या कोपऱ्यात बसला आणि टेबलावरचा पेपर उघडून तोंडासमोर धरला. भन्ते दाराजवळच्या बाकावर बसले. रस्त्यावरून त्यांचं चीवर सहज दिसत होतं.

विहाराचे सचिव देवाजी गणवीर समोरून जात होते. सायकल लावून ते आत आले. हात जोडले.

“वंदामि भन्ते. आपण... इथं?”

“औषधासाठी आलोय.”

गणवीरांनी पुन्हा एकदा पाटीकडे पाहिलं. सोबत कुणी नाही का, त्यांनी विचारलं.

भन्तेंनी कोपऱ्याकडे नजर टाकली. पेपर थरथरत होता. पण खाली आला नाही.

भन्ते गप्प राहिले...

गणवीर निघून गेले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, गोळी अशी एकदम बंद केली की शरीर असंच बंड करतं. यात तुमच्या ध्यानाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. जुना आजारच परत आला, असंही लगेच समजू नका. आता पुन्हा सुरू करा. सोडायचीच असेल तर माझ्या देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत, महिनोन्‌महिने लागले तरी चालतील. मध्येच त्रास वाढला तर एक पाऊल मागे यायचं.

हेमराजचे झटके ओसरले. झोप लागू लागली. लहानाबाईच्या घरी जाऊन त्यानं तिचे पाय धरले. त्या दिवशी आपल्या अंगात ताप होता, असं तिला सांगितलं. तिनं चहा करून पाजला.

गावात मात्र दुसरंच चालू झालं होतं. भन्तेंचं डोकं फिरलंय म्हणे. भोजनदानाची पाळी असलेली माणसं डबा कुटीच्या दाराशी ठेवून, न भेटताच परतू लागली. एक दिवस गणवीरांनीच हेमराजला गाठलं.

“सारं आयुष्य ध्यानात घालवलं, आणि शेवटी डोक्याचा दवाखाना. आता विहार तुम्हीच सांभाळा, सर.”

हेमराजनं मान हलवली. हो म्हणून हलवली.

त्या मानेची आठवण त्याला जेवू देईना. तो टेकडीवर गेला. लोक काय बोलतात ते त्यानं भन्तेंना सांगितलं. भन्तेंना ते ठाऊक होतं.

“तुम्ही त्यांना सांगा ना, भन्तेजी.”

“काय सांगू?”

“की औषध तुमचं नव्हतं.”

“कुणाचं होतं, असं विचारतील...”

हेमराज खाली मान घालून टेकडी उतरला.

रविवारी वंदना संपल्यावर तो उभा राहिला. तो स्थिर आवाज त्या दिवशी लागलाच नाही.

“भन्तेजी माझ्यासाठी दवाखान्यात आले होते. गोळ्या मी घेतो. अजूनही घेतो. गणवीरसाहेब आले तेव्हा मी तिथंच, पेपराआड बसलो होतो.”

मग त्यानं लहानाबाईकडे पाहून सांगितलं की ताप नव्हता. आपण मनानंच गोळ्या बंद केल्या आणि काय झालं, तेही सांगितलं. कुणी अनुमोदनाचं ‘साधू’ म्हटलं नाही. गणवीर समोरच्या फरशीकडे बघत राहिले. लोक उठले, चपला शोधू लागले. पायऱ्यांवर एका बाईनं त्याला थांबवलं आणि हळूच त्या डॉक्टरीणबाईंचं नाव विचारलं.

हेमराज तसाच टेकडीवर गेला. भन्ते धुतलेलं चीवर दोरीवर टाकत होते.

“सगळ्यांसमोर सांगितलं, भन्तेजी.”

भन्ते कापडाच्या सुरकुत्या काढत राहिले.

 आज कितीतरी दिवसांनी हेमराजला मोकळं वाटत होतं.

“आता तुमच्यावरचा डाग गेला.”

भन्ते थांबले. त्यांनी ओलं चीवर दोन्ही हातांनी उन्हात उचलून धरलं. एका बाजूनं पाहिलं... उलटवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं...

“कसला डाग?”