तिरडीचा बांबू

कोळसा संपला, खाण बुजवली आणि मातीच्या ढिगाऱ्यांवर खाण कंपनीच्या सोनटक्के साहेबांनी सुबाभूळ लावली. मग त्यांनी गावसभा बोलावली.

"हजारो झाडं! तुमचं जंगल परत आलं. आता जंगल परत मिळाल्याच्या कागदावर अंगठे द्या. शंका असेल त्यानं मोजून घ्यावं."

सगुणाबाईचा सासरा पहाटेच कोळशाची धूळ खोकत वारला होता. बांबूच्या शोधात निघालेली ती सभेपाशी थबकून म्हणाली,

"मोजतो जी साहेब, पण माह्या मापानं. बुढ्याच्या तिरडीले बांबू पायजे, जाळाले आंब्याचं लाकूड, पिंडाले पळसाचं पान. जुन्या जंगलात हे सारं होतं. तेवढं आणून द्या, पहिला आंगठा माहा."

साहेबांनी हसत माणसं पिटाळली. उन्हं कलल्यावर ती माणसं परतली, तेव्हा प्रत्येकाच्या खांद्यावर सुबाभूळच होती.

"पण झाडं कमी आहेत का?" साहेब उखडले.

"झाडं लई हायेत, जात एकच हाय," सगुणाबाई म्हणाली. "ज्या जंगलातून मेलेल्याले धड जाता येत नाही, तिथं जित्या माणसानं राहाचं कसं?"

अंगठा कुणीच दिला नाही. म्हातारा मात्र शेजारच्या गावाहून मागून आणलेल्या बांबूवर गेला.