अकरा वर्षांचं पथ्य

"मग विष आलं कुठून, बाबा?"

प्रल्हाद गावंडे सरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आधी दोनदा विचारला, तेव्हा धाकटे बाबा नदीत झोळी बुचकळत होते.

ते त्यांचं रोजचंच. पलीकडच्या गावात पाच दारं मागायची. भाकर, भात, वरण, पडेल ते एकाच झोळीत घ्यायचं आणि खाण्याआधी ती झोळी पाण्यात बुडवायची. अन्नाची चव मरावी म्हणून. भिक्षा मागणाऱ्यानं चवीच्या नादी लागू नये, असा त्यांच्या मठाचा दंडक.

धाकटे म्हणायचं ते आपलं नावाला. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे गुरू, थोरले बाबा, जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी यांचं धाकटेपण काही सुटलं नाही.

सर त्या ठिबकणाऱ्या झोळीकडे पाहत होते. नदीच्या वरच्या अंगाला सगळी कपाशी. तिच्यावर काय काय फवारतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? कृषी महाविद्यालयात तीस वर्षं तेच तर शिकवलं. शिकवता शिकवता एक दिवस डोळे उघडले, आणि त्या दिवसापासून घरात फवारलेल्या शेतातला दाणा आला नाही. गहू खात्रीच्या शेतातला, तूर तिथलीच, भाजी गच्चीवरची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा नवरा-बायको आपला सेंद्रिय डबा उघडून बसायचे. लोक हसायचे. हसेनात का.

अकरा वर्षं झाली त्याला.

आणि अकराव्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, मंदाकिनीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. फार तर महिना, म्हणाले. त्यातले बारा दिवस गेलेसुद्धा.

"एकाच कणकेची पोळी खात होता ना दोघं?" बाबांनी विचारलं.

"एकाच."

"तुझी तब्येत?"

"उत्तम." हे सांगताना सरांना लाज वाटली. सदुसष्ट वय, साखर नाही, रक्तदाब नाही, दोन मजले न थांबता चढतात. "मला काहीच नाही, बाबा."

"हं..."

आता या 'हं'चं काय करायचं? सरांना संताप आला. हा म्हातारा साठ-सत्तर वर्षं लोकाघरचं शिळंपाकं नदीच्या पाण्यात कालवून खातोय आणि अजून ताठ बसलाय. आणि तिकडे मंदाकिनी वाळून चाललीय. देवाच्या दारी काही न्याय आहे की नाही?

पण ते भांडायला आले नव्हते. काम वेगळंच होतं.

मंदाकिनीनं चार दिवसांपासून अन्न सोडलं होतं. म्हणजे सरांच्या हातचं सोडलं होतं. ते हातसडीच्या तांदळाची पेज करायचे, चमचा तोंडाशी न्यायचे; ती भिंतीकडे मान वळवायची. तिला भावाच्या घरचं हवं होतं. देवरावच्या चुलीवरची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. डॉक्टर म्हणाले होते, आता मागतील ते द्या. सरांना ते हात टेकल्यासारखं वाटलं. देवरावच्या शेतात दर आठवड्याला फवारणी असते, हे त्यांनी तिला समजावून पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले.

तिची बाबांवर लहानपणापासून श्रद्धा. माहेर पलीकडच्याच गावात ना. तेव्हा बाबांनी घरी यावं, तिच्या उशाशी बसावं आणि नवरा देतो ते खा, एवढं सांगावं. तिनं ऐकलं असतं. हे मागायला सर आले होते. सोबत बाबांसाठी घरच्या शुद्ध अन्नाचा स्टीलचा डबा आणला होता.

"माहेरी कधी गेली होती शेवटची?"

"चार वर्षं झाली. सासूबाई गेल्या तेव्हा."

"जेवली होती?"

सरांनी सांगितलं. अवघड वाटायचं कारण नव्हतं. पथ्य कसं पाळावं याचं उदाहरण म्हणून त्यांनी हे आजवर कितीदा तरी सांगितलं होतं. सासूबाई खाटेवर होत्या, दोन दिवसांच्या सोबती. लेक आली म्हणून त्यांनी ताटातली भाकर मोडली, भाजीला लावली आणि घास मंदाकिनीच्या तोंडाशी नेला. सरांनी मधेच म्हातारीचा हात धरला. म्हणाले, माय, ती बाहेरचं खात नाही. आणि घास हळूच ताटात परत ठेवला.

"हळूच?"

"हो. अपमान वाटू नये म्हणून."

"मंदाकिनी काय म्हणाली?"

"काही नाही... ती कधी काही म्हणतच नाही."

बोलता बोलता ते सरांच्याच ध्यानात आलं. अकरा वर्षांत तिनं एकदाही 'नको' म्हटलं नव्हतं. 'हवं' असंही नाही. पहिल्यांदा काही हवं म्हणाली ती आत्ता, मरायला टेकल्यावर. सर त्या वाळूत खाली बसले. आपण तिला वाचवतोय असंच त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

बाबांनी स्टीलचा डबा उचलला. सरांना वाटलं, आता जेवतील. बाबांनी झाकण काढलं, सगळं अन्न झोळीत ओतलं आणि पाच घरच्या अन्नात हातानं कालवून टाकलं. मग डबा नदीत विसळून सरांच्या हातात दिला.

"देवरावच्या दारात जा. उभं राहून माग."

"मी? त्या दारात?"

देवराव चार वर्षं रस्त्यात भेटला तरी तोंड फिरवतो, हे सरांनी सांगितलं. तो तोंडावर दार लावून घेईल, हेही सांगितलं.

"लावलं तर उभं राहायचं," बाबा म्हणाले. "आम्ही राहतो."

"पण ती भाकर... खत, फवारणी..." अजूनही तोंडून तेच निघालं. सवय हो, जाता जात नाही. "बाबा, विषमुक्त अन्न खाणं वाईट आहे का?"

"कोण म्हणतं वाईट? चांगलंच. मिळालं तर खावं."

"मग मी चुकलो कुठे?"

बाबांनी झोळीतला घास घेतला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले. त्यात सरांच्या घरचं किती आणि लोकांचं किती, कोण सांगणार?

सर उठले. पलीकडे जायला नदीत उतरावं लागतं, गुडघाभर पाणी. मधोमध पोचले आणि थबकले. वळून त्यांनी विचारलं,

"आणि तिनं माझ्या हातून ती भाकरही नाही खाल्ली तर?"

"तर तिच्यासमोर बसून तू खा."