हत्तींना अडवणारा दरवाजा

फार पूर्वी भर समुद्रातल्या एका खडकावर तटबंदीचं गाव होतं. गावाच्या दरवाजाला हत्ती अडवायला अणकुचीदार खिळे ठोकलेले होते. हत्ती पोहत येणार होते म्हणे!

“माझ्या धाकाने आजवर इथे एकही हत्ती फिरकला नाही,” दरवाजा मिरवायचा. मग पहारेकरी बाळकोजी सगळं तेल खिळ्यांनाच चोळायचा.

“मला खारं वारं खातंय हो, थोडं तेल इकडेही द्या,” बिजागरी कुरकुरली.

“तुला बघून हत्ती घाबरेल का?” बाळकोजी म्हणाला. गावालाही ते पटलं.

पुढच्याच वादळात बिजागरी तुटली. दरवाजा आत उताणा पडला आणि लाटा घराघरांत शिरल्या.

“बाळकोजी, पाणी आलं,” पडल्या पडल्या दरवाजा म्हणाला, “पण हत्ती आला का?”

बाळकोजीने कौतुकाने मान डोलावली आणि खिळ्यांसाठी तेल आणायला गेला.