सगुणाच्या चिऱ्याची जागा

कोंडाजी पाथरवट होऊन गेला त्याला किती पिढ्या झाल्या, हे नेवरवाडीत आज कुणालाच सांगता येत नाही. पण भैरोबाच्या अंगणातली फरसबंदी त्याच्या हातची, एवढं शेंबडं पोरही सांगतं.

सगळे चिरे सहा बाजूंचे, एका मापाचे. एकमेकांना असे भिडलेले की मधून मुंगी शिरत नसे, असं म्हणतात. काम संपत आलं आणि त्याची एकुलती एक लेक सगुणा लग्न होऊन घाटाखाली निघाली. कोंडाजीनं शेवटचा चिरा तिच्या ओटीत घातला. "येशील तेव्हा तूच बसव," म्हणाला.

अंगणात एक जागा रिकामी राहिली.

"कोंडाजी, दात पडल्यासारखं दिसतंय रे देवाचं अंगण!" पाटील हसले. "बुजव की. एक पावसाळा गेला की शेजारचे चिरेही सरकतील."

"नाही सरकायचे, पाटील. सहा जण तिची जागा धरून बसलेत."

पावसाळे आले, गेले. अंगणात गुडघाभर पाणी चढलं. एकही चिरा जागचा हलला नाही, रिकाम्या जागेत गवताची काडी उगवली नाही, असं म्हणतात. पण सगुणाही आली नाही. निरोप तेवढा येई, पुढच्या वर्षी नक्की.

कोंडाजी थकला. आपल्यामागं कुणी ती जागा बुजवली तर, या धास्तीनं त्यानं गावातल्या पोरींना देवळात गोळा केलं. खापऱ्या घासून गोल करायला लावल्या. मांडल्या, तर मध्ये फटी. पाच बाजूंच्या केल्या, तरी फटी. सहा बाजूंच्या केल्या, आणि नक्षी ओसरीभर पसरत गेली.

"आता एक उचला. फिरवा. उलटी करा. बसते ना? जिथली आहे तिथं ती कशीही आली तरी बसते."

हे सांगताना त्याची नजर घाटाच्या वाटेवर असे.

तो गेला. त्यानंतर किती वर्षांनी कोण जाणे, पांढऱ्या केसांची एक बाई पदरात चिरा घेऊन आली. रिकाम्या जागेपाशी थबकली. "कोणती बाजू कुठं, ते बाबांना विचारायचंच राहिलं गं."

तिथं खेळणारी पोर म्हणाली, "कसाही ठेव की आत्ये. सगळीकडून बसतो."

चिरा बसला. सगुणा दिवसभर त्याच्यावर हात ठेवून बसली. ऊन उतरल्यावर घाट गाठायचा होता. तिनं चिरा उचलून पुन्हा पदरात घेतला.

आजही नेवरवाडीची लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत सहा बाजूंचा चिरा घालतात. माहेरी येते तेव्हा ती आधी देवळात जाऊन तो त्या जागेत बसवते, मग घरी जाते. निघताना उचलून नेते.

बाकीचे दिवस जागा रिकामी असते. भोवतीचे सहा चिरे ती धरून असतात.