केरबा दाद मागायला जातो

आंबेखिंडी गावात एक भोळा पोरगा होता, केरबा. सांगितलेलं सगळं करायचा, न सांगितलेलं काहीच नाही. पुस्तकात होतं ते स्वल्पविरामासकट लिहून बारावी पास झाला. परीक्षेला तेवढंच लागतं.

त्याला वाढवलं भागूआत्यानं. तिची एकच आस, घरातल्या एका तरी माणसानं कॉलेजची पायरी चढावी. नाहीतर मामाची वीटभट्टी होतीच, चिखल तुडवायला.

प्रवेशाच्या दिवशी आत्यानं बजावलं, "तिथं गप बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही."

केरबा गप बसला. त्याचं नाव पुकारलं, तरी गप बसला. पुन्हा पुकारलं, तरी गप. कारकुनानं 'गैरहजर' म्हणून नाव उडवलं.

घरी आत्या कडाडली, "आरं, नाव पुकारल्यावर ठणकावून 'हजर' म्हणायचं! आता जा, प्राचार्यांकडं दाद माग."

"बरं, आत्या."

प्राचार्यांच्या खोलीशेजारी एका वर्गात हजेरी चालली होती. सर म्हणाले, "सुलोचना गायकवाड."

"हजर!" केरबा दारातून ओरडला.

"शबाना मुलाणी."

"हजर!"

अख्ख्या वर्गाची हजेरी त्यानं एकट्यानं दिली. शिपायानं बखोट धरून फाटकाबाहेर काढलं.

आत्या म्हणाली, "मेल्या, वर्गाशी तुझं काय काम? सरळ प्राचार्यांचे पाय धर. 'बघतो' म्हणेस्तोवर सोडू नको."

"बरं, आत्या."

प्राचार्य स्कूटर चालू करून निघत होते. त्यांचा एक पाय जमिनीवर होता. केरबानं तोच धरला. स्कूटर पुढं गेली. प्राचार्य केरबापाशी राहिले.

"सोड!" ते मातीतून ओरडले.

"आधी 'बघतो' म्हणा."

"अरे, बघतो! बघतो!"

केरबानं लगेच सोडला. शीळ घालत घरी आला. म्हणाला, "आत्या, बघतो म्हणालेत. पडल्या पडल्या."

आत्यानं कपाळ बडवलं. "त्यांच्या घरी जाऊन माफी माग. आणि आपलं डोकं चालवू नको. तिथल्या बाई सांगतील तसं कर."

"बरं, आत्या."

प्राचार्यांच्या घरी पाहुणे यायचे होते, म्हणून लाडवांचं ताट भरलेलं होतं. बाई मायाळू. ताट पुढं करून म्हणाल्या, "घे बाळा, लाजू नको."

केरबा लाजला नाही. ताट रिकामं झालं.

कोपऱ्यात प्राचार्य सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. ते पोट धरून हसले. म्हणाले, "पोरगं लबाड नाही. एक जागा उरलीये. सोमवारी समितीपुढं ये. पण कुणाच्या पायाला हात लावू नको."

जागेचं ऐकून आत्याला आनंद झाला. लाडवांचं ऐकून तिचं डोकं फिरलं.

"लाज काढलीस घराण्याची! लोकांना वाटंल, आत्या उपाशी ठेवती. कुणी काही देऊ केलं की चांगल्या घरचा माणूस आधी 'नको नको' म्हणतो. समोरच्यानं आग्रह करायचा असतो. मग घ्यायचं!"

"बरं, आत्या."

सोमवारी केरबा डोक्याला तेल चोपडून समितीपुढं उभा राहिला. कुणाच्या पायाला हात लावला नाही. प्राचार्य हसून म्हणाले, "केरबा, तुझं म्हणणं आम्ही मान्य केलंय. शेवटची जागा तुला देतोय. घेतोस ना?"

"नको नको," केरबा म्हणाला.

समिती एकमेकांकडं बघायला लागली.

"नको? अरे, नीट विचार कर. बाहेर एक मुलगी ताटकळत उभी आहे."

"तिला द्या की. मी आत्ताच घरून जेवून आलोय."

प्राचार्यांनी सुस्कारा सोडला आणि मुलीला आत बोलावलं.

इकडं आत्या ओवाळायचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. लांबूनच ओरडली, "मिळाली का रं जागा?"

"देत होते, आत्या," केरबा हिरमुसून म्हणाला. "पण माणसं चांगल्या घरची न्हाईत. आग्रहच केला न्हाई."