आईसाहेबांचं पिवळं फूल

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका राजाच्या म्हाताऱ्या आईने अन्न सोडलं. एकच ध्यास, "माझ्या माहेरचं पिवळं फूल आणा, मगच घास घेईन." फुलाचं नाव मात्र त्यांना काही केल्या आठवेना.

राजाने दवंडी पिटवली. झेंडू आले, शेवंती आली, तरवडाच्या फांद्या आल्या. आईसाहेब प्रत्येक वेळी मान हलवायच्या. पाचव्या दिवशी त्यांना उठून बसवेना.

त्यांची दासी हौसा पाय चेपत होती. तिने सहज विचारलं, "आईसाहेब, फूल तोडताना तुमचे पाय कुठे असायचे?"

आईसाहेबांचे डोळे लकाकले. "चिखलात गं! वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीला. गवतात घोटाभर पाणी!"

हौसा ताडकन उठली. इतके दिवस सगळे रंगच पाहत होते, जागा कुणीच विचारली नव्हती!

तसा सडा महालामागच्या डोंगरावरही होता. ती धावतच डोंगर चढली. वाटेत उतारभर सोनकी फुलली होती, पिवळीधमक. हीच असेल! ओंजळ भरावी आणि पळावं, असं तिला वाटलं. पण पायाखाली तर खडक, पाण्याचा थेंब नाही. ती तशीच वर गेली.

सड्यावर पाऊल ठेवलं आणि ते पचकन बुडालं. गवतभर इवली पिवळी फुलं, प्रत्येकावर दोन लाल ठिपके.

"अगं बाई, कवला!" ती एकटीच ओरडली.

तोडायला हात पुढे गेला, पण थांबला. एवढं नाजूक फूल वाटेतच मान टाकेल. ती उलट पावली धावत महालात आली.

"महाराज, पालखी काढा! आईसाहेबांनाच तिकडे नेऊ!"

"या अवस्थेत?" राजवैद्य घाबरले. "वाटेत काही झालं तर?"

राजा बोलणार, तोच आईसाहेबांनी पलंगावरून पाय खाली सोडले.

सड्यावर पालखीतून उतरून, हौसाच्या खांद्याला धरून त्या पाण्यात उभ्या राहिल्या. ओणवून त्यांनी फुलाला बोट लावलं. "हाच गं, हाच माझा कवला!" त्या हसत होत्या, रडत होत्या. मग म्हणाल्या, "भूक लागली."

घाईत कुणीच काही आणलं नव्हतं. शेवटी एका भोयाने आपली शिदोरी सोडली. राजाच्या आईने ओल्या गवतात बसून नाचणीची अख्खी भाकरी खाल्ली.

कुणाला ओळखायचं असेल, तर त्याचं रूप पाहून थांबू नये. तो कुठे रुजला, हेही विचारावं.